पाच ते सत्तर पौंड

नानांना वस्तू विकत घ्यायला आवडत नाही, निवडायला आवडते. विकत घेण्याचं काम वहिनी करतात, तेही नानांना न सांगता. डेट्रॉइटच्या उपनगरातल्या त्यांच्या घरातली प्रत्येक मोठी वस्तू नाना दुसऱ्याच वस्तूच्या अभ्यासात बुडालेले असताना आलेली आहे. सोफा आला तेव्हा नाना गाडीचा अभ्यास करत होते, गाडी आली तेव्हा डिशवॉशरचा, आणि डिशवॉशर आलाय हे त्यांना बऱ्याच दिवसांनी, स्वतःचा चहाचा कप विसळायला गेल्यावर कळलं.

यात आळस नाही. नानांचा उभा जन्म मोटारींच्या सुट्या भागांची तपासणी करण्यात गेला. भोक अमुक मिलिमीटरचं हवं, आणि त्यात फरक चालेल तो एवढाच, त्याहून केसभरही जास्त नाही, हे सांगायचा त्यांना पगार मिळतो. ती सवय संध्याकाळी त्यांच्यासोबत घरी येते. भाजीच्या दुकानात ते वांगं उचलतात, फिरवून पाहतात, देठ तपासतात, परत ठेवतात आणि दुसऱ्या दुकानातल्या वांग्याचा भाव फोनवर शोधू लागतात. तोवर वहिनी कोबी घेऊन गाडीत जाऊन बसलेल्या असतात.

अशा माणसाच्या डोक्यात शिकारीचं धनुष्य शिरलं, त्याला दोघं जबाबदार. एक, मिशिगनची हरणं. दुसरी, साताऱ्याची अदिती स्वामी.

हरणांचं म्हणाल तर तिथल्या उपनगरांत ती माणसाला भीक घालत नाहीत. वहिनींनी परसात मेथी आणि भेंडी लावली होती. एका सकाळी वाफ्यात नुसते दांडे उभे! वहिनी लाटणं घेऊन धावल्या, तर पांढऱ्या शेपटीच्या त्या हरणानं एक कान हलवला, तोंडातला घास शांतपणे संपवला आणि मग शेजाऱ्याच्या ट्यूलिपकडे प्रस्थान केलं.

त्याच सुमाराला, ऑगस्ट २०२३ मध्ये, बर्लिनहून बातमी आली. अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड धनुष्यात जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं पुरुषांचं अजिंक्यपद घेतलं, तेही अंतिम फेरीत दीडशेपैकी दीडशे गुण मिळवून. वहिनींचं माहेर साताऱ्याचं. त्यांनी मराठी मंडळातल्या सगळ्यांना पेढे वाटले. नाना मात्र टीव्हीसमोर वाकून त्या मुलीच्या हातातलं यंत्र न्याहाळत होते. वरखाली दोन चाकं, तीनपदरी दोऱ्या, जागोजागी स्क्रू.

"हे ॲडजस्ट होतं वाटतं," नाना म्हणाले.

वहिनींनी पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसून घेतलं. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्यांना कळून चुकलं होतं.

त्यानंतर नानांच्या घरी चहाला जाणं धोक्याचं झालं. कप हातात पडण्याआधी हॉलेस विल्बर ॲलन सुरू व्हायचे. मिसूरी राज्यातल्या या गृहस्थानं साध्या धनुष्याची टोकं करवतीनं कापून तिथे कप्प्या बसवल्या आणि १९६९ साली त्याचं पेटंट मिळवलं. हजारो वर्षं एका साच्यात चाललेल्या हत्याराला पहिल्यांदा चाकं लागली. दुसऱ्या कपाला फ्रेड बेअर. अमेरिकेतल्या धनुष्याच्या शिकारीचं वेड ज्यांनी घरोघर नेलं ते हे बेअर मूळचे डेट्रॉइटच्या पॅकार्ड मोटर कंपनीतले साचे बनवणारे कारागीर. "म्हणजे आपल्याच लाईनमधले!" असं म्हणताना नानांची छाती अशी फुगायची की जणू बेअर त्यांच्याच खात्यातून निवृत्त झाले.

ॲलन यांच्या शोधातली मेख नाना हातवारे करून दाखवत. साधं धनुष्य जितकं ओढावं तितकं जड होत जातं. कंपाउंडचं उलट. त्याची चाकं गोल नसतात, विक्षिप्त आकाराची असतात. त्यांना कॅम म्हणतात. वाड्याचं जुनं दार आधी अडून बसतं आणि खांदा लावून रेटलं की एकदम आत घेतं, तसं हे धनुष्य मध्यावर सगळा जोर मागतं आणि पूर्ण ताणलं की हलकं पडतं. या सवलतीला लेट-ऑफ म्हणतात. सत्तर पौंडांच्या धनुष्याला ऐंशी टक्के लेट-ऑफ असला, तर नेम धरताना बोटांवर उरतात फक्त चौदा पौंड. शिकाऱ्याला त्यामुळे निवांत थांबता येतं. ही सवलत नानांच्या स्वभावाला किती घातक ठरणार, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग तक्ता उघडला. नानांच्या कुठल्याही प्रेमप्रकरणाची सुरुवात एक्सेलमध्ये होते. वेग, वजन, दोन चाकांमधलं अंतर, ब्रेस हाइट, किंमत, रंग असे रकाने एकामागून एक वाढत गेले. धनुष्यांवर ११ टक्के केंद्रीय कर असतो आणि १९३७ च्या एका कायद्यामुळे तो पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो, हे समजल्यावर नानांनी 'पुण्य' असा एक रकाना घातला. सगळ्याच धनुष्यांना कर सारखाच, त्यामुळे त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा होता. तरी तो त्यांनी काढला नाही.

या तक्त्यात एके दिवशी त्यांना साक्षात्कार झाला. डायमंड कंपनीचं इन्फिनिट एज प्रो. ताण ५ ते ७० पौंड, ओढ, म्हणजे दोरी मागे येते ते अंतर, १३ ते ३१ इंच. त्याच्याखाली बेअरचं क्रूझर जी-टू. ताण तोच, ओढ १२ ते ३० इंच. शाळकरी पोरापासून पहिलवानापर्यंत एकच धनुष्य सगळ्यांना चालतं. षट्कोनी पाना घेऊन स्क्रू फिरवायचे की झालं. नानांचे डोळे पाणावले. आयुष्यभर ते ज्या वस्तूच्या शोधात होते ती हीच. हे एकदा घेतलं की ठरवायचं काही उरत नाही, नुसतं फिरवत राहायचं.

आता घोडं फक्त एका इंचावर अडलं होतं. १२ पासूनचं घ्यावं की १३ पासूनचं? नानांच्या घरात बारा इंच ओढीचं कुणीही नाही. नातू शिकागोला असतो आणि तो व्हायोलिन वाजवतो. पण उद्या कुणाला लागलं तर?

"आमच्या साताऱ्याची पोर सतराव्या वर्षी जगात पहिली आली," वहिनी म्हणाल्या, "आणि तुमचा अजून इंच ठरेना."

"अगं, तिचं धनुष्य कोच ठरवतात. मला कोण आहे?"

कोच नाही म्हणून नानांनी शरीराची मापं स्वतःच घ्यायची ठरवली. दोन्ही हात पसरून एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत मोजायचं आणि अडीचनं भागायचं. येईल ती आपली ओढ. बैठकीच्या भिंतीला पाठ लावून नाना उभे राहिले, वहिनींनी पेन्सिलीनं खुणा केल्या. १७० सेंटिमीटर. म्हणजे ६७ इंच, भागिले अडीच, सत्तावीसच्या आत-बाहेर. नाना खट्टू झाले. कंपन्या जाहिरातीत जो वेग छापतात तो ७० पौंड ताण, ३० इंच ओढ आणि ३५० ग्रेनचा हलका बाण धरून मोजलेला असतो. सत्तावीस इंचांच्या माणसाच्या हातून तो वेग निघणं नाही. त्यांनी श्वास भरून, खांदे ताणून पुन्हा हात पसरले. भिंतीवरची खूण जागची हलली नाही. मापाच्या बाबतीत नाना प्रामाणिक माणूस. त्यांनी २७ लिहिलं आणि त्या दिवशी जेवताना फारसे बोलले नाहीत.

ताणाचा प्रश्न त्यांच्या कारखान्यातल्या एका गोऱ्या फोरमननं सोडवला. तो गृहस्थ लहानपणापासून धनुष्यानं शिकार करत आलेला, बोलणं मोजकं. नानांनी विचारलं, साठ घेऊ की सत्तर? तो म्हणाला, खुर्चीत बस, धनुष्य समोर धर, आकाशाकडे न उचलता सरळ मागे ओढ. ओढता आलं तर तो ताण तुझा. नोव्हेंबरच्या थंडीत, जाड कोट घालून, तासन्‌तास झाडावर बसल्यावर अंग आखडतं आणि तेव्हा जेवढं ओढता येईल तेवढंच खरं. हरणासाठी विस्कॉन्सिनचा नियम निदान ३० पौंड मागतो, पेनसिल्व्हेनियाचा ३५. सत्तर मागणारा फक्त आपला अहंकार असतो. नानांनी हे सगळं लिहून घेतलं आणि 'अहंकार' हा रकाना मात्र टाळला.

अखेर नाना दुकानात गेले. वहिनी सोबत होत्या, आणि कागदपत्रांची पिशवी धरायला मी. काउंटरमागे दाढीवाला एक तरुण होता. नानांनी तक्त्याची छापील प्रत त्याच्यासमोर उलगडली. ती चार पानं जोडून केलेली असल्यामुळे काउंटर झाकला गेला. पोरगा आदरानं वाचू लागला. वाचता वाचता त्यानं सहज विचारलं, "तुमचा कुठला डोळा?"

"दोन्ही," नाना म्हणाले.

त्यानं नानांना दोन्ही पंजे पुढे धरून मध्ये छोटा त्रिकोण करायला लावला. त्या त्रिकोणातून भिंतीवरचं घड्याळ पाहा म्हणाला. मग डावा डोळा मिटा. घड्याळ गायब. उजवा मिटा. घड्याळ जागेवर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. नानांचा हात उजवा, पण हुकमी डोळा डावा. असे लोक पुष्कळ असतात आणि बहुतेकांना ते आयुष्यभर कळत नाही, कारण पोहे खायला कुठलाही डोळा चालतो. धनुष्याला चालत नाही. नेम धरणारा डोळा ज्या बाजूचा, दोरी त्या बाजूच्या हातानं ओढलेली बरी. नानांना डावखुरं धनुष्य लागणार होतं.

"मग हे डावीकडे फिरवून घेऊ," नाना पाना शोधत म्हणाले.

पोरानं मान हलवली. पौंड फिरतात, इंच फिरतात, बाजू फिरत नाही. धनुष्याचा मधला दांडा एका बाजूला कापलेला असतो. तो उजव्याचा तरी असतो नाहीतर डाव्याचा. ज्या यंत्रात सगळं बदलता येतं त्यात न बदलणारी एकच गोष्ट होती, आणि एवढ्या मोठ्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता.

नाना बराच वेळ गप्प होते. मग मला म्हणाले, "द्रोणाचार्यांनी काय केलं बघ. पोपटाचा डोळा दिसतो का, म्हणून विचारत बसले. अर्जुनाचा कुठला डोळा, ते विचारलंच नाही."

"अर्जुनाचं अडलं नाही. तो सव्यसाची होता," मी म्हणालो.

"हो, पण त्याचं धनुष्य अग्नीनं आणून दिलं. त्याला निवडायला लागलं नव्हतं."

डावखुऱ्या धनुष्यांचा नवा तक्ता करायला नाना घरी निघणार, तेवढ्यात त्यांची नजर बाणांच्या कपाटावर गेली. बाण लवतो किती याला स्पाइन म्हणतात. आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. ३४०, ४००, ५००. नाना तिथेच रमले. ते ४०० चा एक बाण डोळ्यासमोर धरून गोल फिरवत असताना वहिनींनी काउंटरवर कार्ड ठेवलं आणि दुकानात असलेलं एकुलतं एक डावखुरं धनुष्य बांधून घेतलं. ते १२ पासूनचं की १३ पासूनचं, हे नानांना गाडीत कळलं. घराण्याची परंपरा अबाधित राहिली.

पुढचा टप्पा परवान्याचा. १ जानेवारी १९६० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला मिशिगनात शिकारीचा नेहमीचा परवाना हवा असेल तर सुरक्षिततेचा वर्ग करावा लागतो. नाना त्या तारखेच्या अलीकडचे. त्या वर्गात बहुतेक मुलं बारा-तेरा वर्षांची, आणि मागच्या बाकावर टोपी सावरत नाना. मुलांना घरी जायची घाई आणि नानांचा हात सारखा वर. परीक्षेत नाना पहिले आले. साताऱ्याहून मेहुण्याचा फोन आला, "दाजी, जपून. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून असली हौस म्हणजे थेट तुरुंग." नानांनी त्याला मिशिगनच्या नियमांची पुस्तिका पाठवून दिली.

धनुष्य हातात आलं आणि ते स्थिर ठेवायचं असतं हा नवाच ताप सुरू झाला. कुठल्याही तिरंदाजाला विचारा, तो म्हणेल की हात रोज गालाच्या त्याच जागी टेकला पाहिजे, ओढ तीच पाहिजे, ताण तोच पाहिजे. ताण बदलला की बाणाचा वेग बदलतो, वेग बदलला की धनुष्यावरच्या नेमाच्या टाचण्या पुन्हा लावाव्या लागतात. नाना रोज संध्याकाळी सरावाला जात, तीन बाण मारत आणि पाना काढत. सोमवारी ४२ पौंड, मंगळवारी ४७, बुधवारी ओढ अर्ध्या इंचानं कमी. बाण आज पोटऱ्यांत तर उद्या शिंगांच्या वर. लक्ष्याचं रबरी हरीण दिवसेंदिवस निर्धास्त होत चाललं. शेवटी दुकानातल्या त्या पोरानं धनुष्य ४५ पौंडांवर आणि २७ इंचांवर लावलं, नेम जुळवून दिला आणि पाना आपल्या खिशात टाकला. हंगाम संपल्यावर न्या, म्हणाला. त्यानंतर आठवडाभरात नानांचे बाण वीस यार्डांवरून बशीएवढ्या जागेत जाऊ लागले. याचं श्रेय नाना अजूनही सत्तावीस इंचांना देतात. पाना जप्त झाला ते सांगत नाहीत.

खंडेनवमीला वहिनींनी धनुष्याची पूजा केली. देवघरासमोर पाट, पाटावर धनुष्य, वर झेंडूचं फूल, हळदकुंकवाची बोटं. दोरीला मेण लावलेलं असतं, त्या मेणात कुंकू पक्कं बसलं. नाना पुढच्या वेळी दुकानात गेले तेव्हा त्या पोरानं वरच्या कॅमजवळची लाल दोरी बोटानं खरवडली आणि काळजीनं विचारलं, "रक्त? इतक्यात हरीण मिळालं?" नाना हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

पंचांगाचा प्रश्न वेगळाच. मिशिगनात धनुष्याचा हरणांचा हंगाम १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर. पुढचे दोन आठवडे बंदूकवाल्यांचे. मग पुन्हा १ डिसेंबर ते १ जानेवारी धनुष्य. आता कॅलेंडर भिंतीवरून उतरवून बघा. पहिला भाग जवळजवळ अख्खा चातुर्मासात, दुसऱ्यात मार्गशीर्षातले गुरुवार. वहिनींनी स्पष्ट सांगितलं, हरीण मारा, पण घरात आणायचं ते कार्तिकी एकादशीनंतर. परवान्यासोबतच्या टॅगवर असल्या अटीला जागा नव्हती. फोरमन म्हणाला, मटण मी ठेवून घेईन, माझ्याकडे मोठा फ्रीझर आहे. तेवढ्यावर तह झाला.

दिवाळी आटोपल्यावर एका पहाटे नाना फोरमनच्या शेतावरच्या ओकवर चढले. वीसेक फूट उंच बैठक, कमरेला-खांद्याला सुरक्षेचा पट्टा, हातात कुंकवाचं धनुष्य. उजाडताना झाडीतून एक हरीण आलं. आलं ते थेट वीस यार्डांवर, आणि खाली पडलेली ओकची फळं खाऊ लागलं. नानांनी धनुष्य ओढलं. अडलं, रेटलं, हलकं पडलं. पंचेचाळीस पौंडांतले बोटांवर उरले जेमतेम नऊ.

आणि इथेच ॲलन यांच्या शोधानं दगा दिला. साध्या धनुष्यानं नानांना दोन क्षणांत सोडायला भाग पाडलं असतं. कंपाउंडनं विचार करायला सवड दिली, आणि नानांना सवड मिळाली की संपलंच. अंतर वीस की बावीस? हरीण आडवं आहे की थोडं तिरकं? दोरीचा आवाज बाणाच्या चौपट वेगानं पोचतो; ते दचकून खाली बसलं तर? नेमाची टाचणी वरून लावावी की खालून? हरणानं सगळी फळं यथासांग संपवली, मान वळवून नानांकडे पाहिलं आणि निघून गेलं. नानांनी दोरी हळूच परत सोडली.

खाली उतरल्यावर त्यांनी फोरमनला सगळं तपशिलात सांगितलं. आम्हाला वाटलं तो कपाळाला हात लावेल. त्यानं नानांच्या पाठीवर थाप मारली. शंका असेल तर बाण सोडायचा नाही, म्हणाला. निम्मे लोक हे शिकायला दोन-तीन जखमी हरणं घालवतात आणि रात्रभर कंदील घेऊन रक्ताचा माग काढत रानात हिंडतात. न ठरवण्याबद्दल कुणी शाबासकी दिल्याची नानांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. परतीच्या वाटेवर गाडी त्यांनी चालवली आणि एकदाही पर्यायी रस्ता शोधला नाही.

ते झाडावर असताना वहिनींनी माणसं बोलावून परसाला आठ फुटी जाळीचं कुंपण घालून घेतलं होतं. मेथी आता सुखरूप आहे.

तेव्हा वाचकहो, तुम्ही मिशिगनात असा किंवा आणखी कुठे, आणि हा नाद लागलाच, तर तिथला कायदा वाचा, आधी डोळा तपासा, मग हात पसरून ओढ मोजा, मग खुर्चीत बसून जेवढं ओढवेल तेवढाच ताण घ्या. बाकी ५ ते ७० पौंडांचं कुठलंही चांगलं धनुष्य चालेल. एकदा लावून घ्या आणि पाना दुसऱ्याच्या खिशात ठेवा. सल्ला हवा असेल तर नानांना जरूर विचारा. माणूस मनमोकळा आहे, माहिती बिनचूक देतो. फक्त विचारायला जाल ते पैसे भरून झाल्यावर जा.